नऊ नंबरची व्हायल

१२ जून. उरलेले दिवस : ४१

‘तुझं तूच बघ’ म्हणजे काय रे दादा? दोन वर्षांत एक फोन नाही, माझा नंबर ब्लॉक, आणि आता मी पाठवलेला कागद सही न करता परत, वर पेन्सिलीने तीन शब्द. पेन्सिलीने का? खोडायची सोय ठेवलीस की घरात पेन नाही? कुरिअरवाल्याने माझ्या तीन सह्या घेतल्या, मला तुझी एक मिळाली नाही.

मी भांडायला बसलेली नाही. म्हणजे भांडायलाच बसलेय, पण आधी काम.

तू तो कागद अर्ध्यातच टाकलास असं धरते आणि पहिल्यापासून सांगते. आपल्या हट्टीच्या नोंदणीची फाईल आम्ही पुन्हा टाकली. मॅडमनी पाकिटावर छापायला काहीतरी गोड नाव शोधलंय, पण लॅबमध्ये सगळे अजून हट्टीच म्हणतात. बंद वीटभट्टीच्या कडेला, जिथे गवतसुद्धा उगवायचा कंटाळा करतं, तिथल्या एका झुडपाच्या मुळाशी तुला सापडलेला बॅक्टेरिया. ज्या प्लेटवर बाकीचे सगळे मेले तिच्यावर हा एकटा हातपाय पसरून बसला होता, म्हणून तू त्याला हट्टी म्हणालास. मातीत अडकलेला फॉस्फरस सोडवून मुळांना देतो आणि वाळवून पाकिटात भरला तरी दीड वर्ष जिवंत राहतो. आपला दावा एवढाच, आणि मागच्या वेळी तोच पडला. दीड वर्षाच्या जागी सहा महिन्यांत पाकिटं मेली.

आता मोठ्या ऑफिसने एकच प्रश्न पाठवलाय. (मोठं ऑफिस म्हणजे तेच, ज्याच्या निकालाकडे बाकी दोन देशांची ऑफिसं डोळे लावून बसतात.) मागच्या अर्जात तुमच्या पाकिटातला जीव आणि तुम्ही सरकारी संग्रहात ठेवलेला मूळ नमुना जुळले नव्हते, कारण काय? साठ दिवसांत पटेल असं उत्तर द्या, नाहीतर फाईल कायमची बंद. याच स्ट्रेनवर, म्हणजे बॅक्टेरियाच्या याच वाणावर, परत अर्ज करता येणार नाही. म्हणजे हट्टी संपला.

मॅडमचं उत्तर तयार आहे. तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञाने फ्रीजरमधला मूळ साठा न वापरता कल्चर प्लेटवरून प्लेटवर नेत राहून ठरलेली पद्धत मोडली, तो आता संस्थेत नाही, आता असं होणार नाही. खाली ‘मला मान्य आहे’ आणि तुझी सही. तो तर सोडून गेलाय, त्याला काय फरक पडतो, असं मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. मान हलवली हे मी स्वतः लिहितेय, लक्षात घे.

तर सही कर. नोकरी तुझी गेलीच आहे, निदान हट्टी तरी राहील. कोरा कागद परत जोडलाय, सोबत पेनही.

आई बरी आहे. आईने सांगितलंय की आईने काही सांगितलंय असं लिहू नकोस.


१९ जून. उरलेले दिवस : ३४

उत्तर नाही. ठीक आहे.

मॅडमना पुरावा म्हणून जुन्या रजिस्टरांची पानं जोडायची आहेत, म्हणून आठवडाभर मी आणि टाकीवाले काका स्टोअरमध्ये धूळ खातोय. काकांना तर तू ओळखतोसच, पाचशे लिटरच्या टाकीशी बायकोपेक्षा जास्त बोलणारे. अजूनही टाकीला ‘बाई’ म्हणतात आणि तिचा मूड बिघडलाय असं शिफ्टच्या रिपोर्टमध्ये लिहितात.

फ्रीजरवरची तुझी पाटी अजून आहे. मार्करने ‘प्लेटवरून प्लेट केलीत तर हात कापीन’ लिहिलेली. कुणीतरी ‘हात’ खोडून ‘केस’ केलंय.

तुझा तो नियम मी आता नव्या पोरांना शिकवते. तू म्हणशील मला काय सांगतेस, तरी ऐक, नीट सांगता येतं का ते मला बघायचंय. हट्टीच्या चाळीस व्हायल, बोटाएवढ्या कुप्या, उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये. टाकीत जीव वाढवायला विरजण हवं असलं की एक व्हायल उघडायची, वापरायची, उरलेलं फेकायचं. पुढच्या वेळी नवी व्हायल. प्लेटवरच्या कल्चरवरून दुसरी प्लेट, तिच्यावरून तिसरी, असं करत गेलं की जीव आळसावतो. रोज ताटात आयतं मिळतंय म्हटल्यावर जाड कवचात झोपून दुष्काळ काढायची विद्या तो विसरतो. ती विद्या म्हणजेच बीजाणू, आणि बीजाणू नाहीत तर पाकिटात दीड वर्ष कोण जगणार? प्रत्येक व्हायल उघडली की रजिस्टरमध्ये तारीख, नंबर, इनिशियल.

तुझ्या नोंदी बघून काका म्हणाले, या माणसाच्या हातून हे झालेलं नाही, मी तेव्हाही सांगत होतो पण टाकीवाल्याला कोण विचारतं. मी रजिस्टरचं पान उलटलं.

एक ते आठ, सगळं तुझ्या अक्षरात. नऊ नंबरची व्हायल चार ऑक्टोबरला उघडली, असं लिहिलंय. अक्षर जरा घाईचं आहे. त्या आठवड्यात तू हॉस्पिटलमध्ये होतास ना? तुझ्या लेकीला, ठेंगूला, आठव्या महिन्यातच बाहेर यायची घाई झाली होती. मी फक्त विचारतेय.

सहीचं काय ते बघ. बघू नकोस. मला माहीत नाही. उद्या फ्रीजर उघडून बघणार आहे.


२७ जून. उरलेले दिवस : २६

नऊ नंबरची व्हायल फ्रीजरमध्ये आहे. न उघडलेली. झाकणावर तुझं अक्षर, वर बर्फाचा पापुद्रा.

एक ते आठच्या जागा रिकाम्या. नऊपासून चाळीसपर्यंत सगळ्या जागेवर. मी तीनदा मोजल्या, मग काकांना बोलावून मोजायला लावल्या. बत्तीस. रजिस्टर म्हणतं एकतीस. गेली दोन वर्षं हा डबा कुणी उघडलाच नव्हता, कारण चूक कुणाची ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. नवं काम सरकारी संग्रहातल्या नमुन्यावरून सुरू झालं आणि तुझ्या डब्याला मॅडमनी टेप लावून टाकली.

काकांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चहा सांगतो म्हणाले आणि गेले.

आता ऐक. एकदाच लिहिणार आहे.

चार ऑक्टोबरला फ्रीजरचं दार बर्फाने जाम झालं होतं. मेकॅनिक सोमवारी येणार होता. काकांनी टाकी धुऊन, वाफ देऊन तयार ठेवली होती आणि दुपारी विरजण जायलाच हवं होतं. मी तुला फोन केला. वहिनीच्या आईने उचलला, डॉक्टर आत गेलेत म्हणाल्या, आणि मी ठेवून दिला. साध्या फ्रीजच्या दुसऱ्या खणात एक प्लेट होती, कॉलेजची मुलं लॅब बघायला यायची तेव्हा दाखवायची. ती मीच एका प्लेटवरून दुसऱ्यावर नेत होते, अकरा वेळा. खरा हट्टी कसा दिसतो ते तुला माहीतच आहे, मळकट, सुरकुतलेला, आजारी म्हाताऱ्याच्या कपाळासारखा. ही प्लेट मात्र गुळगुळीत, चकचकीत होती. मला वाटलं, वा, काय तब्येत सुधारलीय. दादा, मला खरंच वाटलं की हा जास्त निरोगी आहे. बीजाणू गेले की त्या सुरकुत्याही जातात, हे मला सहा महिन्यांनी एका शोधनिबंधात वाचून कळलं.

तेच टाकीत घातलं. रजिस्टरमध्ये ‘प्लेट’ असा रकानाच नव्हता, तूच ठेवला नव्हतास, म्हणून ‘व्हायल ९’ लिहिलं. सोमवारी दार निघालं की खरी नऊ उघडून नवी टाकी लावू आणि हे सगळं फेकून देऊ, असं डोक्यात होतं. सोमवारी ठेंगू झाली. मी धावत आले, तू तिला माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "लॅब तुझ्यावर टाकून आलो म्हणून डोकं शांत होतं गं."

त्यानंतर मला सांगताच आलं नाही. त्याच टाकीचा माल पुढच्या टाकीत गेला, त्यातून ऑफिसला पाठवायची पाकिटं भरली.

आणि ती मीटिंग. तू टेबलावर हात ठेवून सांगत होतास की माझ्या व्हायल मोजा. कुणी उठलं नाही. मी कोपऱ्यात मीटिंगचं टिपण घेत होते. ‘शास्त्रज्ञांनी आरोप नाकारला’ असं लिहिलं. व्याकरण अगदी बरोबर होतं.

वर तुलाच सहीसाठी कागद पाठवला, पेनसकट.

काल मॅडमचा कागद फाडला आणि उत्तर स्वतः लिहिलं. माझं नाव, माझा हुद्दा, तारीख, मी काय केलं. फ्रीजरचा फोटो, रजिस्टरचं पान, मेकॅनिकची पावती, सगळं जोडून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. खोटी नोंद कबूल केली की ऑफिस त्याच कारणावरून फाईल बंद करू शकतं, हे कळतंय का, असं विचारलं. कळतंय म्हटलं. नोकरीचंही कळतंय का? तेही म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पाठव. पण खाली सही तुझी एकटीची."

त्यात मला काय शिक्षा वाटणार होती ते त्यांनाच ठाऊक. मला तर एकदम हलकं वाटलं, इतकं की जिना उतरताना पायरी चुकले.

आज नऊ नंबर उघडली. अर्धी बाहेरच्या लॅबला पाठवलीय. ती संग्रहातल्या नमुन्याशी जुळली तर तुझा डबा पहिल्या दिवसापासून बरोबर होता हे सिद्ध. जुळली नाही तर आपण दोघंही बुडालो, आणि मी तुला सोबत घेऊन बुडाले असं होईल. तेवढं आधीच सांगून ठेवते.


१८ जुलै. उरलेले दिवस : ५

जुळली.

जुळली म्हणजे कशी, एका अक्षराचा फरक नाही. डीएनएची चाळीस लाखांवर अक्षरं आहेत त्या जीवात आणि एकही इकडचं तिकडे नाही. माझ्या चकचकीत राजपुत्राच्या जुन्या पाकिटात मात्र चौदा बदल, त्यातला एक बरोबर बीजाणू बनवायच्या जागी. काकांना रिपोर्ट वाचून दाखवला. ते टाकीकडे वळून म्हणाले, ऐकलंस का बाई, तुझी काही चूक नव्हती. दोन वर्षं ते आपल्या टाकीवर संशय घेत होते आणि मला पत्ताच नाही.

उत्तर चौदा तारखेला गेलं. काल ऑफिसने स्क्रीनवर सुनावणी घेतली. तिकडे तिघं, त्यात बोलणारी एकच बाई, केस अगदी बारीक कापलेले, समोर आपली फाईल छापून ठेवलेली आणि तिच्यातून शंभरेक रंगीत चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. इकडे मी, मॅडम, आणि ‘तांत्रिक साहाय्यक’ अशी पाटी लावून बसवलेले काका, कारण टाकीबद्दल विचारलं तर मला घाम फुटतो.

बाईने पहिला तास मातीवर काढला. हा जीव नदीत गेला तर, माशांना लागला तर, माणसाच्या डोळ्यात गेला तर. ते सगळं मला पाठ आहे, झोपेत उठवून विचार. मग तिने चिठ्ठ्या बाजूला केल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाली, "तुम्ही तेव्हा खोटी नोंद केली. आजची नोंद खरी, हे मी कशावरून धरू?"

मी तयार करून ठेवलेली पाच वाक्यं होती, पश्चात्तापाची वगैरे. ती तोंडापर्यंत आली आणि मलाच खोटी वाटली. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. अजून एकतीस व्हायल आहेत. नंबर तुम्ही सांगा."

हे वाक्य कुणाचं ते तुला कळलं असेलच. तेव्हा तू म्हणालास आणि कुणी उठलं नाही. ती बाई उठली. म्हणजे खरंच खुर्चीवरून उठून मागे बसलेल्या दोघांशी बोलून आली आणि तीन नंबर सांगितले. चौदा, सत्तावीस, अडतीस. आम्ही कॅमेरा चालू ठेवूनच फ्रीजरपाशी गेलो. काकांनी डबा धरला, मी मोठा हातमोजा घालून एकेक काढली, बाईने झाकणावरचे नंबर वाचले, कोरड्या बर्फात डबा तिच्यासमोरच सील झाला. काकांनी फ्रीजरवरची ती हात-केसांची पाटी अंगाने झाकून धरली होती. तिला आपली भाषा येत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता तीन व्हायल तिकडे पोचायच्या. त्या तुझ्या हातच्या आहेत म्हणून मी निवांत आहे. तू निवांत राहू नकोस, मला एकटीला राहू दे.


२ सप्टेंबर. दिवस मोजणं बंद

दादा, झालं.

नोंदणी मिळाली. हट्टी रीतसर, शिक्क्यासकट, मोठ्या ऑफिसच्या यादीत. दीड वर्षाचा दावा जसाच्या तसा मान्य, एक महिनाही कापला नाही. चौदा, सत्तावीस, अडतीस, तिन्ही व्हायल मूळ नमुन्याशी जुळल्या. पान तीनवर ‘मूळ स्ट्रेन वेगळा करणारा शास्त्रज्ञ’ असं लिहून पुढे तुझं पूर्ण नाव आहे. आडनावाचं स्पेलिंग मी चार वेळा तपासून घेतलं होतं, नाहीतर आयुष्यभर तेच ऐकवलं असतंस. पान अकरावर लिहिलंय की मागच्या अर्जातल्या दोषाशी त्या शास्त्रज्ञाचा संबंध नव्हता. माझं नाव पान बारावर आहे. तिथे जे लिहिलंय ते गोड नाही, पण त्यात एक शब्दही चुकीचा नाही, आणि मी ते पान मॅडमच्या केबिनमध्ये उभं राहून मोठ्याने वाचलं.

सगळ्यात शेवटी त्या बारीक केसांच्या बाईने दोन ओळी स्वतःच्या घातल्यात. इतक्या वर्षांत बिघाडाचं कारण म्हणून ‘सोडून गेलेला कर्मचारी’ सोडून दुसरं काही लिहिलेलं तिने पहिल्यांदाच वाचलं म्हणे. मॅडमनी त्या दोन ओळी फ्रेम करून रिसेप्शनला लावायला सांगितल्या. मी म्हटलं, मॅडम, तुमचं पहिलं उत्तर शेजारी लावू का? त्या हसल्या. त्या हसतात हे मला माहीत नव्हतं.

ईमेल आला तेव्हा काकांनी टाकीची वाफ सोडली. सगळ्या शेडमध्ये अशी शिट्टी घुमली की पॅकिंगवाल्या बायका आग लागली समजून बाहेर पळाल्या. बाहेर येऊन कळल्यावर त्यांनी काकांना जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मग त्याच आत जाऊन म्हणाल्या, परत वाजवा.

माझी नोकरी आहे. लॅबची किल्ली मात्र काढून घेतली. कल्चरला हात लावायचा नाही, फायलींच्या बाहेर पडायचं नाही. बरोबर आहे. मला फायलीच येतात, कल्चर कधीच आलं नाही, तुझी बहीण म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं. दुसऱ्या देशाने मोठ्या ऑफिसचा निकाल परवा तसाच मान्य केला. तिसऱ्याला समोरासमोर सुनावणी हवीय. मॅडम म्हणाल्या, जा, तुझ्याइतकं प्रामाणिक कुणी पाठवायला नाही आता. टोमणा होता. मी तिकीट काढलं.

मॅडमनी तुला पत्र लिहिलंय, परत बोलावणारं. मी वाचलं नाही. माफीही आहे म्हणे त्यात. पेनने लिहिलीय एवढं खात्रीने सांगते.

आणि आईने सांगायचं नाही म्हणून सांगितलं की तू उद्या येतोयस, वहिनी आणि ठेंगूला घेऊन. म्हणजे सगळी पत्रं वाचलीस तर. उत्तर एकाचंही दिलं नाहीस, ते तोंडावर देणार असशील. तू काय बोलशील ते मी बरेच दिवस मनात घोळवून बघितलं. कधी तू ओरडतोस, कधी काहीच म्हणत नाहीस. सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी म्हणतोस की जाऊ दे गं. ते मला आत्ता चालणार नाही. जाऊ दे म्हणण्याइतकं ते लहान नव्हतं. दोन वर्षं तुझ्या नावावर होतं ते आता माझ्या नावावर आलंय, आणि मला ते उचलता येतंय. येतंय, खरंच. तू हलकं करायला बघू नकोस.

विमान आज संध्याकाळचं आहे. सुनावणी परवा सकाळी. तुझी खोली झाडलीय, चादर नवी आहे, ठेंगूसाठी गादी

थांब. गेटपाशी टॅक्सी थांबली. आई गॅलरीतून वाकून बघतेय आणि ‘आजच आले’ असं वॉचमनला सांगतेय, जसा काही तोच वाट बघत होता. एक दिवस आधी. तुझं सगळं असंच.

बॅगेचं ओझं नाही, फाईल खांद्याला आहे. पत्र टेबलावर ठेवतेय. आईला म्हटलं, त्याला सांग मी सुनावणी जिंकायला गेलेय. ती म्हणाली, दोन मिनिटं थांबून तूच सांग की.

खाली लिफ्टचं दार वाजलं. ठेंगू आतून काहीतरी विचारतेय, मोठ्या आवाजात, पूर्ण वाक्यात. तिला बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. लिफ्ट वर निघालीय.

मी जिन्याने जातेय.